बर्फाकडे पाठ

"नाना, बाहेर बर्फ दिसायला लागला," मी म्हणाले.

"दिसू दे," नाना म्हणाले आणि कपाटाच्या आरशाकडे तोंड करून बसून राहिले.

जहाजावरच्या त्यांच्या खोलीला एका बाजूला भिंतच नव्हती, नुसती काच होती. ती काचेची खोली नानांना मिळावी म्हणून राजनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, महिनोन् महिने आधी धडपड केली होती. आम्हाला मात्र आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली मिळाली होती. पहिले काही दिवस नाना त्या काचेपाशी बसायचे. आज सकाळी पाण्यात पांढरे तुकडे तरंगायला लागले, तसा त्यांनी पडदा ओढून घेतला, खुर्ची उचलली आणि काचेकडे पाठ करून ठेवली.

नाना माझे सासरे. रत्नागिरीच्या बंदराजवळ त्यांचा बर्फाचा कारखाना होता. मासेमारीला जाणाऱ्या होड्या समुद्रात निघण्याआधी शिवलकरांचा, म्हणजे नानांचाच, बर्फ भरून घ्यायच्या. मी बार्शीची. आमच्याकडे बर्फ म्हणजे उन्हाळ्यात गाडीवर मिळणारा लाल-पिवळा गोळा, त्यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा नानांनी पूजा उरकायच्या आत मला कारखाना दाखवायला नेलं होतं. मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात उभे ठेवलेले पत्र्याचे डबे, डबा उपडा केल्यावर सुळ्ळकन बाहेर येणारी माणसाएवढी लादी. "ही मधली पांढरी शीर बघ," ते म्हणाले होते, "पाण्यातला सगळा कचरा आणि हवा शेवटी मधे येऊन बसते. ज्याची शीर बारीक, त्याचा बर्फ चांगला." मग लादीवर भाताचा तूस, म्हणजे भुसा, कसा घालायचा, त्यावर गोणपाट कसं टाकायचं, होडी आठ दिवस समुद्रात राहिली तरी बर्फ कसा टिकतो, हे सगळं ऐकलं. मी शालू नेसून तासभर थंडीने कुडकुडत होते. शेवटी सासूबाईंनीच निरोप पाठवला की पोरीला आजारी पाडू नका.

असा बोलका माणूस. आणि दोन वर्षांपूर्वी आई गेल्या, तेव्हापासून त्यांची जीभच कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. नानांनी कारखाना पुतण्याच्या हवाली केला, बंदरावर जाणं सोडलं. फोनवर हो, नाय, बरं, एवढंच. राजन एकुलता एक. आम्ही सिॲटलला आणि ते तिकडे एकटे, या विचाराने तो झोपेतही दचकायचा. शेवटी भांडून-भांडून त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आणलं. तेही संपत आले. नाना बोलले नाहीत ते नाहीतच. सकाळी उठायचे, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायचे, चहा पार निवला की एका घोटात संपवायचे. मी चेष्टा करायची की नाना, चहा प्यायला देते की शेकायला. त्यावर ते कसनुसं हसायचे.

मग राजनच्या डोक्यात आलं की नानांना अलास्काच्या सफरीवर न्यायचं. ज्या माणसाने आयुष्यभर बर्फ केला, त्याला जगातला सगळ्यात मोठा बर्फ दाखवायचा. "तो बघून नाना गप्प बसूच शकत नाहीत," तो म्हणाला. मलाही ते इतकं पटलं की आमच्या दोघांच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं.

तशी सुरुवातही बरी झाली होती. जहाज उत्तरेकडे निघालं. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि डोंगरावरचं रान थेट पाण्यात उतरलेलं. कोकणात निदान मधे एखादी वाडी, एखादं देऊळ, माडाची रांग दिसते. इथे कुणीच नाही. धुक्याचा पट्टा झाडांच्या कमरेला अडकलेला आणि त्याच्या वरून, कुठून ते कळत नाही, पांढऱ्या धारा खाली येणाऱ्या. दिवसभर जहाज चालायचं आणि दिवसभर तेच रान, माणसाची चाहूल नसलेलं. मला त्याची थोडी भीतीच वाटली. आपण इथे नसलो तरी याचं काहीच अडणार नाही, असं सारखं मनात यायचं. एका दुपारी एक देवमासा अगदी जवळ वर आला, फुस्स करून श्वास सोडला आणि शेपूट उंच करून सावकाश खाली गेला. नाना कठड्याला धरून उभे होते. "वल्हं मारल्यासारखी शेपटी मारतो," ते म्हणाले. चक्क एक अख्खं वाक्य. राजनने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो दहावीच्या परीक्षेत बोर्डात आलाय.

आणि आज, ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप, त्या दिवशी नाना आरशासमोर बसले होते.

राजन वरच्या डेकवर जागा धरून उभा होता. आम्ही दोघं वर येत नाही असं पाहून तो खाली आला. कान लाल, नाक लाल. जहाजाच्या कर्ण्यावरून जे सांगत होते ते त्याने आम्हाला सांगितलं. जहाज आता हिमनदीच्या अगदी समोर जाऊन थांबणार, थोडा वेळ थांबणार आणि मग परत फिरणार, पुन्हा इकडे येणार नाही.

"नाना, चला."

"तू जा. मी बरा आहे इथं."

"अहो, तुमच्यासाठी आलोय आपण."

"मी सांगितलं होतं काय आण म्हणून?"

राजनने दाराची मूठ धरली. मग म्हणाला, "आई गेली ती एकट्या तुमचीच नव्हती, नाना. माझीही आई होती. तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलंत. माझं काय चुकलं ते तरी सांगा." राजन दार आपटून गेला नाही, अगदी हळू लावून गेला. त्याने आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी पलंगाच्या कडेला बसले. जहाजाचा वेग इतका कमी झाला होता की पुढे चाललंय की थांबलंय ते कळत नव्हतं. मधूनच जहाजाच्या अंगाला बाहेरून ठक् असा आवाज यायचा आणि काहीतरी खरखरत मागे जायचं. बर्फाचे तुकडे घासत होते. दर आवाजाला नानांचे खांदे आखडत होते. मी ते आरशात पाहिलं. आणि मग एक-एक करून मला आठवायला लागलं. आमच्या घरी फ्रीजमधून बर्फाचे खडे खडखडत पडले की नाना स्वयंपाकघरातून उठून जायचे. जहाजावर जेवायला बसलो की पाण्याच्या पेल्यात बर्फ असायचा, तो पेला ते टेबलाच्या पार टोकाला सरकवायचे. आम्ही म्हणायचो, घसा नाजूक झालाय. एवढ्या शिकल्या-सवरलेल्या दोन माणसांनी घशावर येऊन विचार थांबवला होता.

तेवढ्यात बाहेर काहीतरी फुटलं. ढग गडगडावा तसा आवाज, पण आभाळातून नव्हे, पाण्यावरून सरपटत आलेला. तो लगेच थांबला नाही. डोंगरांवर आपटून पुन्हा आला. माझ्या छातीत तो जाणवला.

"लादी तुटली," नाना म्हणाले.

"हो."

"मोठी असणार."

"बघायची?"

त्यांनी मान हलवली. मला काय सुचलं कोण जाणे, मी सरळ विचारलं, "नाना, बर्फाने तुमचं काय वाईट केलंय?"

त्यांनी आरशात पाहिलं. त्यात त्यांना मीच दिसत असणार. मग बोलायला लागले, माझ्याशी नाही, आरशातल्या माझ्याशी.

"तुझ्या सासूला थंडी सोसायची नाय. तुला ठाऊक आहे."

ते सगळ्या रत्नागिरीला ठाऊक होतं. आईंना आम्ही सिॲटलला बोलावलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, तिथे बर्फ पडतो का. हो म्हटल्यावर म्हणाल्या, मग नको बाई, घरात एक बर्फवाला आहे तेवढा पुरे.

"मी कारखान्यातनं घरी आलो की हात बर्फ झालेले असायचे," नाना म्हणाले. "लग्न झालं तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या हाताला हात लागला, तर किंचाळली. तेव्हा तिनं नियम केला. आल्याबरोबर हातात गरम चहाचा कप द्यायची. दोन्ही हातांनी धरायचा. मग तळवा आपल्या गालाला लावून बघायचा. गालाला गरम लागला, तर दुसऱ्याला हात लावायचा. नायतर नाय. राजन झाला तेव्हा तर काय. पोरगं समोर बसून राहायचं, उचलून घ्यायची वाट बघत. सारखं विचारायचं, नाना, झाले का गरम? झाले का गरम?"

ते थोडं हसले. आणि ते हसू तिथेच मोडलं.

"ती गेली त्या दिवशी राजन फोनवर बोलला, मी येईपर्यंत थांबा, मला आईचं तोंड बघायचंय. मे महिना. मी काय करणार होतो, सांग. कारखान्यातनं लाद्या आणल्या. मीच निवडल्या. बारीक शिरेच्या. ओटीवर मांडल्या आणि जिला त्यानंतर आयुष्यात कधी गार हात लावला नाय, तिला उचलून त्याच्यावर ठेवली. वैजू, मी तिला बर्फावर ठेवली गो. दोन दिवस."

मला एकदम स्वेटर आठवला. आम्ही घरी पोचलो तेव्हा मे महिन्याच्या त्या मरणाच्या उकाड्यात आईंच्या अंगात तपकिरी स्वेटर होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पायात मोजे होते. खाली लादी, लादीवर तूस, त्यावर गोणपाट, त्यावर दोन गोधड्या आणि मग आई. मागे कुणीतरी कुजबुजलं होतं की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मीही तेच समजले होते. आणि नंतर विसरून गेले होते.

"तो स्वेटर तुम्ही घातलात."

"मग काय करू? तशीच ठेवू? सगळे बोलत होते, अरे स्वेटरानं बर्फ लागायचा नाय, उपयोग काय. मी बोललो, लाद्या जास्ती लावीन. माझा कारखाना आहे."

मला रडू आवरेना. जे खरं होतं तेवढंच मी बोलले. "नाना, राजन अजून आईंच्या त्या चेहऱ्याबद्दल बोलतो. म्हणतो, आई दुपारची लवंडल्यासारखी दिसत होती, आता उठून चहा टाकेल अशी. तो चेहरा त्याला तुमच्यामुळे बघायला मिळाला. आणि तो आता वर थंडीत एकटा उभा आहे. त्याला वाटतंय, तुम्ही त्याच्यावर रागावलात."

"मी कशाला रागावू त्याच्यावर?"

"ते त्याला कुठे माहितीय?"

नानांनी दाराकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "डोक्याला काय घातलंय काय त्यानं?"

"नाही. टोपी खोलीतच राहिली."

"लहानपणापासनं कान दुखतो मेल्याचा," असं पुटपुटत ते उठले. बॅग उघडली. तळातून स्वतःची माकडटोपी काढली, रत्नागिरीच्या बाजारातली, आईंनी पुण्याच्या एका लग्नाला जाताना घेऊन दिलेली. ती टोपी हातात घेऊन माझ्या आधी दाराबाहेर पडले. बर्फ बघायला नव्हे, टोपी द्यायला. मी घाईघाईत त्यांचं जाकीट उचललं आणि मागे धावले.

वरच्या डेकचं जड दार राजननेच आतून कुणीतरी ढकलतंय म्हणून उघडलं. समोर नाना. नानांनी टोपी पुढे केली आणि तोंड उघडलं, पण बोलायचं ते राहूनच गेलं. राजनच्या खांद्यावरून त्यांना समोरचं दिसलं होतं.

मलाही तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. मी फोटो पाहिले होते, त्यामुळे मला वाटत होतं की मला माहीत आहे. काहीच माहीत नव्हतं. समुद्र जिथे संपायला हवा होता तिथे एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत निळी भिंत उभी होती. पांढरी नव्हे, निळी. आतून दिवा लावल्यासारखी, जिथे चीर पडली होती तिथे तर गडद, मोराच्या मानेसारखी. तिच्यामागे तीच हिमनदी वळणं घेत वर वर गेलेली, शिखरांच्या पलीकडे, ढगांत, कुठे सुरू होते ते दिसतच नव्हतं. पाण्यावर तुकडे विखुरलेले आणि त्यांवर सील निवांत पडलेले. डेकवर शेकडो माणसं होती, पण देवळाच्या गाभाऱ्यात असावी तशी सगळी हळू बोलत होती. आणि पाण्यातून सतत एक बारीक आवाज येत होता, फोडणीत जिरं तडतडावं तसा. तुकड्यांतली जुनी हवा सुटत होती.

मला हात जोडावेसे वाटले, आणि मी ते जोडले. लाज वाटली नाही.

नाना कठड्यापर्यंत चालत गेले. राजन त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला, पण हातभर अंतर ठेवून. तेवढ्यात भिंतीच्या वरच्या कडेचा एक भाग पुढे झुकला. झुकला आणि झुकतच राहिला, इतका सावकाश की वाटलं, आता विचार बदलून मागे जाईल. मग तो आख्खा खाली आला. आधी काहीच ऐकू आलं नाही. पाणी उसळून भिंतीच्या अर्ध्यापर्यंत चढलं, आणि मग तो आवाज आला, आणि आवाजामागून लाट. तुकड्यांवरचे सील वर-खाली झाले. एवढं मोठं आमचं जहाज, तेही जरासं डोललं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारच्या गोऱ्या आजीबाई डोळे पुसत होत्या.

"किती दिवसांचा बर्फ हा?" नानांनी विचारलं.

"दिवसांचा नाही, नाना," राजन म्हणाला. "शेकडो वर्षांपूर्वी वर डोंगरात बर्फ पडला, तो दाबला जाऊन सरकत सरकत आता इथे पोचलाय."

"आणि भुसा कोण घालतं?"

"काय?"

नानांनी बोट दाखवलं. नदीच्या दोन्ही कडांना डोंगरातून आलेली माती आणि दगड यांचा करडा थर होता. "तो बघ. त्याच्याखालचा टिकलाय. बाजूचा उघडा आहे तो वितळून खाली बसलाय. तूस घातल्यासारखा घातलाय कुणीतरी." ते अगदी गंभीरपणे सांगत होते. मग भिंतीकडे बघत हळू म्हणाले, "एवढी थंडी आहे जगात. आणि मी समजत होतो, सगळी माझ्याच कारखान्यात तयार होते."

राजनला त्यातलं काही कळलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी नंतर सांगते अशी खूण केली.

जहाजावरच्या खलाशांनी एक छोटी होडी पाण्यात सोडली होती. त्यांनी तरंगणारा एक तुकडा जाळ्यात धरून आणला आणि डेकवर मोठ्या घमेल्यात ठेवला. लोक त्याच्यासोबत फोटो काढायला लागले. गर्दी ओसरल्यावर नाना तिकडे गेले. आम्ही दोघंही मागोमाग गेलो, राजन नुसत्या आशेने आणि मी भीतीने. नाना वाकले. बोटाच्या पेराने तुकड्यावर टकटक केलं, कान जवळ नेला. आरपार बघितलं.

"शीर नाय," ते म्हणाले. "एवढा मोठा, पण शीर नाय. बघ वैजू."

आणि त्यांनी त्यावर दोन्ही तळवे ठेवले. ठेवले आणि उचललेच नाहीत. डोळे मिटले होते. ओठ हलत होते, काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं. तळव्यांखालून पाण्याचा ओघळ घमेल्यात पडत होता.

मी धावत जाऊन चहा आणला. परत आले तेव्हा ते सरळ उभे होते, हात लालबुंद झालेले, टोपी काखेत. मी कप पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. या वेळी मी चेष्टा केली नाही. राजनने त्या कपाकडे पाहिलं, नानांच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. चाळिशीला आलेला, टक्कल पडायला लागलेला माझा नवरा पुढे सरकला आणि आपल्या वडिलांसमोर वाट बघत उभा राहिला.

"नाना," तो म्हणाला, "झाले का गरम?"

नानांनी कप माझ्याकडे दिला. उजवा तळवा स्वतःच्या गालाला लावून पाहिला, मग डावा.

"झाले," ते म्हणाले.

त्यांनी ती माकडटोपी राजनच्या डोक्यात घातली, कानांवरून नीट खाली ओढली आणि दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले. मागे पुन्हा काहीतरी प्रचंड तुटून पाण्यात कोसळलं. सगळी माणसं कठड्याकडे धावली. आम्ही तिघं मात्र बर्फाकडे पाठ करून तसेच उभे राहिलो.